गाळलेली भिक्षुणी

भाषण मला येतं, बोलायला येत नाही. माइक समोर असला की मी अर्धा तास न अडखळता बोलेन; पण समोर एकच माणूस असेल आणि त्याला एकच वाक्य सांगायचं असेल, तर ते वाक्य वर्षानुवर्षं घशातच राहतं. घरातल्यांना हे ठाऊक आहे. नवरा म्हणतो, "तुला माझ्याशी काही बोलायचं असेल तर सभा भरव." आता पन्नाशी उलटली आहे. सभा नको, लिहूनच काढते.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. वडिलांना, म्हणजे दादांना, भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम लागलं आणि आम्ही केबिन रोडच्या मागच्या एका चाळीत राहायला आलो. रस्त्यावरची दुकानं संपली की ती चाळ, आणि चाळ संपली की मिठागरं. चाळीत निम्मी घरं मराठवाड्यातली, निम्मी कोकणातली. बहुतेक सगळे बौद्ध, भेटल्यावर सगळ्यांचा जय भीम एकच, पण एकमेकांना चिडवल्याशिवाय दिवस मावळत नसे. आम्ही भाकरीवाले, ते भातवाले.

मिठागराच्या कडेला पत्र्याची एक शेड होती, तो आमचा विहार. आत हातभर उंचीची बुद्धाची प्लॅस्टरची मूर्ती, एक सतरंजी, एक बल्ब. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. त्रिशरण, पंचशील, मग एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. त्या दिवशी ग्रंथ संपला की मोठ्या पातेल्यात खीर. पुरुष पाळीवरून दमून यायचे आणि दुसऱ्या पानावर पेंगायचे, म्हणून वाचायला मला बसवलं गेलं. तेव्हा मी शाळेतच होते. बसवलं ते कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकींनी.

काकी रत्नागिरीकडच्या. नवरा वारलेला, मुलगा लग्न करून नालासोपाऱ्याला गेलेला. कारखान्यात भांडी पुसून कागदात गुंडाळायचं काम करायच्या. मी पहिल्यांदा वाचायला बसले तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. काकी मागच्या रांगेतून ओरडल्या, "मोठ्यानं वाच गो बाय! बुद्धानं काय तुझ्या एकटीच्या कानात सांगितलंन?" बायका हसल्या. मला रडू येणार होतं, पण राग आला आणि रागानं आवाज फुटला. मी माइकवर बोलते ती तिथून.

आमच्या एका खोलीत सहा माणसं. बारावीचा अभ्यास मी काकींच्या खोलीत केला, पुढे बी.ए.चाही. त्या कामावरून आल्या की स्टोव्ह पेटवायच्या, भात लावायच्या आणि विचारल्याशिवाय माझ्यापुढे ताटली ठेवायच्या. आई दारातून म्हणायची, "काय जादू केली हो काकी? पोरगी आता भातच मागायली." "भाकर थापायला दोन हात लागतात," काकी म्हणायच्या, "पोरीच्या हातात पुस्तक हाय." आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, माझ्या शिक्षणाला कुणी आश्रय दिला असेल तर तो त्या खोलीनं. त्या वयात मात्र ते माझ्या हक्काचं आहे असंच मला वाटायचं.

मग एक दिवस रस्ता रुंद करायला नगरपालिकेची गाडी आली. पुरुष कामावर, मी कॉलेजात. काकींची दुसरी पाळी होती म्हणून त्या घरी. विहाराचे पत्रे उचकटायला सुरुवात झाली तेव्हा त्या सरळ आत गेल्या आणि मूर्ती पदरात घेऊन बाहेर आल्या. बाहेर पडताना चौकटीला लागून मूर्तीच्या उजव्या कानाची पाळी तुटली. संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या खोलीत जमलो. मूर्ती तांदळाच्या डब्यावर ठेवलेली. दुसरी जागाच नव्हती.

"कान तुटला की हो," कुणीतरी हळहळलं.

"तुटला, पण ऐकतोय," काकी म्हणाल्या.

पुढचे वर्षावास त्या खोलीतच झाले. बायका उंबऱ्यावर, पॅसेजमध्ये, जिन्याच्या पायरीवर बसायच्या. रोज तांदूळ काढताना काकींना मूर्ती उचलून बाजूला ठेवावी लागे. "सरका जरा, भात लावायचाय," असं त्या मूर्तीला म्हणायच्या, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणावं तसं. मी हसले की म्हणायच्या, "हसतेस काय? ह्याच्याच घरात ऱ्हातो आपण. आपलं घर कुठाय?"

नव्वदनंतरची गोष्ट. मीरा रोडला इमारती भराभर उठत होत्या. त्यातले बरेच गाळे आणि फ्लॅट ज्यांचे, ते एक शेठ नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहणार होते. त्यांनी आमच्या कमिटीला बोलावलं आणि सांगितलं, त्यांच्या एका प्लॉटवर ते बुद्ध विहाराचा हॉल बांधून देतील. पंखे, संडास, पाण्याची टाकी, जयपूरहून संगमरवरी मूर्ती. दादा कमिटीत होते. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा चपला काढायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. हॉलची चेष्टा मी आज करणार नाही. आमच्याकडे काहीच नव्हतं. लग्नं आम्ही रस्त्यात मांडव टाकून लावत होतो.

त्याच वर्षी मी बाहेरून इतिहासात एम.ए. करत होते आणि एका पेपरासाठी मध्ययुगीन चीनचा इतिहास वाचत होते. वाचलेलं काकींना सांगायची मला सवय होती. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"चीनमध्ये एक राजा झाला, चौदाशे वर्षांपूर्वी," मी म्हटलं. "त्यानं सगळे विहार बंद केले. भिक्षू, भिक्षुणी, सगळ्यांना चीवर उतरवायला लावलं."

"नि मूर्त्या?"

"वितळवल्या."

"आमची प्लॅस्टरची. वितळवून काय मिळणार, चुना?"

"ऐका तर. पुढे दुसरं घराणं गादीवर आलं. त्या नव्या सम्राटानं बुद्धधम्म परत उभा केला. विहार उघडले, मूर्ती घडवल्या, बुद्धाचे अस्थिधातू राज्यभर पाठवले आणि सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी, भर दुपारी, स्तूपांत ठेवायला लावले."

"एवढं कशाला सुचलंन त्याला?"

मग मी भिक्षुणीचं सांगितलं. हा सम्राट जन्मला होता विहारात, आणि लहानपणी त्याला वाढवलं होतं एका भिक्षुणीनं. पहिल्या राजानं बंदी घातली तेव्हा ती भिक्षुणी ह्याच्याच घरी लपून राहिली होती. धम्म परत उभा राहील आणि तो तूच करशील, असं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं म्हणतात.

काकींचा हात सुपात थांबला. "लपून ऱ्हायली? जेवायला काय घालीत होते तिला?"

"ते पुस्तकात नाही."

"मग काय लिवतात ही लोकं?"

"पण पुढचं आहे. त्यानं जे स्तूप बांधले, त्यात आपल्या स्वतःच्या मूर्तीशेजारी तिचीही ठेवायला लावली, असं लिहिलंय."

त्यांनी सुपातून एक खडा काढून दाराबाहेर टाकला. "ऱ्हायली की मग ती," म्हणाल्या.

आणि मग त्यांनी माझ्याकडे एक मागणं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "ही मूर्ती माझ्या हातानं हॉलात न्यायचीय मला. शेठची मोठी ऱ्हाऊ दे मधी. आमची कोपऱ्यात चालंल. कमिटीतले बाप्ये ऐकून घेत नाय माझं, म्हणतात, कान तुटलेली मूर्ती कशाला? उद्घाटनाला तू बोलणारेस ना? ती चीनची गोष्ट सांग नि मग माझं सांग. माइकवरनं सांगितलं की ऐकतात."

"सांगते की," मी म्हटलं.

आश्विन पौर्णिमेला हॉलचं उद्घाटन ठरलं. ग्रंथसमाप्तीही तिथेच. आठवडाभर आधी दादांनी माझं भाषण वाचायला घेतलं. "हे पाडापाडीचं कशाला काढायलीस? शुभ काम हाय," ते म्हणाले. मला तेव्हा कळलं नाही, मग त्यांनीच खाली मान घालून सांगितलं. आमची शेड पाडून जो रस्ता रुंद झाला, तो शेठच्याच इमारतींकडे जात होता. काकींनी मूर्ती वाचवली म्हटलं की ती कुणापासून वाचवली, हा प्रश्न आलाच.

"मग काकींची मूर्ती?"

"बघू ना नंतर. आधी हॉल तर होऊ दे."

दादांवर मी खापर फोडत नाही. ते फक्त पाडापाडीचं बोलले होते. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनाही पुरती माहीत नव्हती. शेठची एक नवी शाळा निघाली होती. तिथे इतिहास शिकवायला मी अर्ज केला होता. कमिटीबरोबर गेले तेव्हा शेठ मला म्हणाले होते, "बेटी, भाषण अच्छा करना. बाकी मैं देख लूँगा." त्यांनी काही अट घातली नव्हती. ते प्रेमानंच बोलले होते. अट मी माझ्या मनानं घातली. पाडापाडीचा उल्लेख न करताही भिक्षुणीची गोष्ट सांगता आली असती, आणि तिच्यामागून सहज काकींचं मागणं मांडता आलं असतं. पण भिक्षुणी आली की कुणी लपवलं, कुणापासून, हे सगळं मागोमाग येईल अशी मला भीती वाटली. भिक्षुणी गाळायला मला कुणीच सांगितलं नव्हतं. ती मी आपणहून गाळली.

उद्घाटनाच्या दिवशी काकी पहिल्या रांगेत होत्या. पांढरं लुगडं, केसांना तेल. मूर्ती सकाळीच पुसून पांढऱ्या फडक्यात गुंडाळली होती आणि मांडीवर तान्हं मूल घ्यावं तशी घेतली होती. बोलावलं की उठायचं, अशा तयारीनं.

मी बोलले. अंधाराच्या काळानंतर आलेल्या त्या सम्राटाबद्दल बोलले, स्तूपांबद्दल बोलले, एकाच दुपारी राज्यभर ठेवलेल्या अस्थिधातूंबद्दल बोलले. "आणि आज आपल्या भाईंदरमध्येही," असं म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. शेठनी हात जोडले. गोष्टीत भिक्षुणी जिथे यायची ती जागा आली. काकी पुढे झुकल्या. फडक्याच्या गाठीवर त्यांचे दोन्ही हात आले. मी पेल्यातलं पाणी प्यायले आणि पुढच्या परिच्छेदावर गेले.

चीनचा तो सम्राट, ज्याच्या हाताखाली एवढं राज्य होतं, तो तिला विसरला नव्हता. विसरले ती मी, आणि ती माझ्यापुढेच बसली होती.

पडदा सरकला, संगमरवरी मूर्ती दिसली, 'साधु, साधु'चा साधुकार झाला. खीर वाटली गेली. गर्दीत मला काकी दिसल्या नाहीत. संध्याकाळी मी चाळीत परतले तर त्या दारातच उभ्या होत्या. "घसा बसला असंल," म्हणाल्या. "ये, चहा घे." आत तांदळाच्या डब्यावर मूर्ती होती, फडकं घडी करून खाली ठेवलेलं. मी चहा प्यायले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दुसऱ्यांदा प्यायले. कप विसळून ठेवला आणि आमच्या खोलीत गेले.

नोकरी लागली. त्या नोकरीवर दोन भावांची शिक्षणं झाली, माझं लग्न झालं, मीरा रोडच्या शांती नगरला घर झालं. हॉलमध्ये चाळीतली कितीतरी लग्नं लागली, दहावीच्या मुलांचे वर्ग मी स्वतः तिथे घेतले. शेठना मी शाप देऊ शकत नाही. जे दिलं ते त्यांनी खरंच दिलं, आणि आमच्या एका पिढीला ते पुरलं. मी कृतज्ञ आहे, आणि हे लिहितानाही मला माहीत आहे की ही कृतज्ञता कशावर उभी आहे. वर्षावासात वाचन हॉलमध्ये व्हायचं, पंख्याखाली. काकीही यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या. खीर ढवळायला सगळ्यांत पुढे त्याच. मूर्तीचं पुन्हा कधी त्यांनी काढलं नाही. कमिटीनंही नाही. मी तर नाहीच.

पुढच्या एका निवडणुकीत शेठ हरले. वर्षभरात हॉलला कुलूप लागलं. आधी दुरुस्ती आहे म्हणाले, मग आत फरशांचे खोके येऊन पडले. प्लॉट त्यांच्याच नावावर राहिला होता. कागद करून घ्यायचं कमिटीला सुचलंच नव्हतं. मी वर्गात शिकवत होते की चीनमध्ये त्या सम्राटानंतर अडीचशे वर्षांनी आणखी एकानं विहार पुन्हा पाडले, आणि त्याच्या पुढच्यानं पुन्हा उघडले. मुलं म्हणायची, "मॅडम, सारखं तेच काय?" मी म्हणायचे, असंच असतं, राजाच्या मर्जीवर उभं राहिलेलं राजाबरोबर बसतं. शिकवताना हे सोपं जायचं.

आषाढी पौर्णिमा आली. वाचन कुठे करायचं, यावर पुरुषांच्या बैठका चालल्या. काकी म्हणाल्या, "कुठं म्हणजे? तांदळाच्या डब्यापुढं." आणि बायका पूर्वीसारख्या उंबऱ्यापर्यंत दाटून बसल्या.

हे मला आईनं सांगितलं. मी गेले नाही. शाळा शेठची, आणि कुलूप लावणाऱ्याच्या विरोधात बायका जमतात म्हणून चाळीत बोललं जात होतं. काही दिवस मी घरातल्या घरात कारणं शोधली. मग एका संध्याकाळी पेपर तपासणं अर्धवट टाकलं, शेअर रिक्षा केली आणि भाईंदरला गेले. खोली गच्च भरलेली. एक मुलगी अडखळत वाचत होती. काकींनी मला दारात पाहिलं.

"चष्मा आणलायस ना?"

"आणलाय."

"मग बस. ह्या पोरीचा आवाज माझ्याच्यानं ऐकवत नाय. बुद्धानं हिच्याबी एकटीच्या कानात सांगितलंन."

बायका हसल्या, ती मुलगीही हसली, आणि मी पाटावर बसले. नोकरीचं म्हणाल तर शाळेत मला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. पहिल्या वेळेसही विचारलं नसतं, असं तेव्हापासून मला वाटतं.

ग्रंथ संपला त्या दिवशी वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि चीनची गोष्ट सांगितली. सगळी. विहारातला जन्म, बंदी, लपून राहिलेली भिक्षुणी, सम्राटाशेजारची तिची मूर्ती. माइक नव्हता. आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. सांगून झालं तेव्हा काकी खिरीच्या पातेल्याजवळ होत्या.

"जेवायला काय घालीत होते, ते सापडलं काय?"

"नाही, काकी."

"बघा," त्या बायकांना म्हणाल्या, "एवढी वर्षं शिकतेय."

त्यानंतर दोनेक वर्षांत कमिटीनं खटपट करून हॉल सोडवून घेतला. तोवर काकी थकल्या होत्या, मुलगा त्यांना नालासोपाऱ्याला न्यायला आला होता. त्यांनी मला निरोप पाठवला. गेले तर भांडी पोत्यात भरलेली, आणि मूर्ती त्याच जुन्या पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवलेली.

"ही तुझ्याकडं ने," म्हणाल्या. "सुनेच्या घरात जागा नाय. नि हॉलात मला द्यायची नाय."

मला वाटलं, आता तरी बोलावं. "काकी, त्या उद्घाटनाच्या दिवशी मी..."

"कळलं होतं त्याच दिवशी. मी काय भैरी हाय?"

"मला नोकरी हवी होती."

"लागली ना? चांगलं झालं." त्या पोत्याचं तोंड बांधत होत्या. बांधून झाल्यावर म्हणाल्या, "आणि खरं सांगू? नेऊन ठेवली असती, तर घरी येऊन मला करमलं नसतं. तू बोलली असतीस तर द्यावी लागली असती."

हे खरं होतं की मला मोकळं करायला त्या बोलल्या, हे मला आजही ठरवता येत नाही. पहिल्या रांगेत गाठीवर ठेवलेले त्यांचे हात मी पाहिले होते. ते हात देणाऱ्याचे होते. पण काकींनी दिलेलं मी नेहमी विचारल्याशिवाय घेत आले, तसंच हेही घेतलं. त्यांनी दिलं त्यातलं मला सर्वांत जास्त पुरलं ते हे वाक्य.

निघताना त्यांनी बजावलं, "शोकेसात ठेवू नको. कामाच्या जागी ठेव."

मूर्ती आज आमच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर आहे. मुलगी म्हणते, "आई, ओट्यावर एवढी जागा असताना रोज काय ही उचलाउचल?" मी मूर्ती सरकवते, तांदूळ काढते. हॉलमध्ये वर्षावासाचं वाचन अजूनही बऱ्याचदा माझ्याकडेच असतं आणि समाप्तीला मी ती गोष्ट भिक्षुणीपासून सुरू करते. काकी आता नाहीत. पण दर वर्षी मागच्या रांगेतली कुणीतरी बाई विचारतेच, तिला जेवायला काय घालत होते म्हणून. पुस्तकात नाही, म्हणते मी. पण त्या घरात कुणीतरी रोज तिच्यापुढे ताटली ठेवत असणार, न विचारता.